ऑस्ट्रेलियात अरब आणि मुस्लिमांवर होणारी जाहीर चिखलफेक : तक्रार कुठे, कशी, किती दिवसांत?

पॅरामाटाकर

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर विषय भरकटला, म्हणून हा वेगळा धागा. इस्लामबद्दल, इस्रायल-गाझाबद्दल किंवा इमिग्रेशन धोरणाबद्दल कुणाचं काय मत आहे यावर इथे चर्चा नको. प्रश्न एवढाच आहे : ऑस्ट्रेलियात अरब किंवा मुस्लिम माणसाला, कुटुंबाला, मशिदीला किंवा संस्थेला वंशावरून वा धर्मावरून जाहीरपणे लक्ष्य केलं, तर हातात काय काय आहे आणि ते कसं वापरायचं.

बहुतेक तक्रारी पुराव्याअभावी पडतात असा समज आहे. माझ्या मते त्याआधीच त्या चुकीच्या दारात जाऊन पडतात. दारं बरीच आहेत आणि प्रत्येकाची कसोटी वेगळी.

पहिलं दार केंद्राचं. रेशियल डिस्क्रिमिनेशन ॲक्ट १९७५, यापुढे नुसतं आरडीए म्हणतो. त्यात १९९५ साली कलम १८सी घातलं गेलं. खाजगीत नव्हे अशा ठिकाणी, वंश, रंग, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ या कारणावरून केलेलं असं कृत्य, ज्यानं त्या गटातला माणूस दुखावला, अपमानित झाला, मानहानी झाली किंवा धास्तावला जाण्याची वाजवी शक्यता आहे, ते बेकायदा. बेकायदा म्हणजे गुन्हा नव्हे, हे लक्षात असू द्या. इथे कुणी तुरुंगात जात नाही. तक्रार ऑस्ट्रेलियन ह्यूमन राइट्स कमिशनकडे, म्हणजे एएचआरसीकडे करायची. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार स्वतःच्या भाषेत लिहिली तरी चालते.

दुसरं दार राज्याचं. न्यू साउथ वेल्समध्ये अँटी-डिस्क्रिमिनेशन ॲक्ट १९७७. इथे कसोटी वेगळी : बोलणाऱ्याच्या कृत्यानं *ऐकणाऱ्यांच्या* मनात त्या गटाबद्दल द्वेष, तीव्र तिरस्कार किंवा जहरी टवाळी चेतवली जाते का? १८सी लक्ष्य झालेल्या माणसाच्या बाजूनं बघतं, राज्याचा कायदा श्रोत्यांच्या बाजूनं. एकच वाक्य एका दारात टिकतं आणि दुसऱ्यात नाही, त्याचं कारण हे.

तिसरं दार पोलिसांचं. धमकी, मारहाण, थुंकणं, हिजाब ओढणं, मालमत्तेचं नुकसान, हिंसेची चिथावणी. इथे आयोगाची वाट बघत बसायचं नाही. प्रसंग चालू असेल तर ०००, होऊन गेला असेल तर न्यू साउथ वेल्समध्ये १३१ ४४४.

चौथं ई-सेफ्टी कमिशनर, म्हणजे ऑनलाइन छळाच्या तक्रारी बघणारी केंद्राची यंत्रणा, पाचवं माध्यमांच्या नियामकांचं. त्यांच्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

अनामिक_वाचक

आपल्याकडे भारतात द्वेष पसरवल्याबद्दल सरळ दंड संहितेच्या १५३ए खाली एफआयआर होतो. इथे एवढा सभ्य देश असून गुन्हाच नाही म्हणता?

---

पॅरामाटाकर

१५३ए आता भारतीय न्याय संहितेत १९६ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. तिथे सूत्रं पोलिसांच्या हाती असतात. इथल्या १८सीत सूत्रं तक्रारदाराच्या हाती असतात : तक्रार त्यानंच लिहायची, तडजोडीला त्यानंच बसायचं, कोर्टात जायचं की नाही तेही त्यानंच ठरवायचं. भारतातून आलेला माणूस पोलीस ठाण्यात जातो, हवालदार म्हणतो "ही आमच्याकडची बाब नाही", आणि माणूस हताश होऊन घरी जातो. ती खरंच त्यांच्याकडची बाब नसते.

गुन्हा ठरणारे प्रकारही आहेत. न्यू साउथ वेल्सच्या क्राइम्स ॲक्टमध्ये कलम ९३झेड ऑगस्ट २०१८ मध्ये आलं : वंश, धर्म वगैरेंवरून जाहीरपणे हिंसेची धमकी किंवा चिथावणी, कमाल ३ वर्षं. त्याआधीचं जे कलम होतं त्याखाली एकही खटला यशस्वी झाला नव्हता. २०२५ साली वांशिक द्वेष चेतवण्याचा आणखी एक गुन्हा आला, कमाल २ वर्षं, पण तो फक्त वंशापुरता. केंद्राच्या क्रिमिनल कोडमधली हिंसेच्या चिथावणीची कलमंही फेब्रुवारी २०२५ मध्ये कडक झाली, त्यांत धर्म आहे.

---

नाझनीन_श्रीवर्धन

मुस्लिमांच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा असा की आरडीएमध्ये 'धर्म' हा शब्दच नाही.

ज्यू आणि शीख यांना न्यायालयं वांशिक गट मानत आली आहेत. शिखांच्या बाबतीत ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा १९८३ चा पगडीचा निकाल आधाराला असतो. मुस्लिमांना मात्र 'एक वंश' म्हणता येत नाही. लेबनीज, इंडोनेशियन, बोस्नियन, सोमाली, आणि आमच्यासारखे घरात मराठी-कोकणी बोलणारे, एवढे सगळे एका वांशिक मुळाचे कसे? २०२१ च्या जनगणनेत इथे ८,१३,३९२ मुस्लिम नोंदले गेले, लोकसंख्येच्या ३.२ टक्के. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात 'वंश' या व्याख्येत वांशिक-धार्मिक मूळ येतं, तरीही २००२ साली तिथल्या ट्रायब्युनलनं नुसतं मुस्लिम असणं त्यात बसत नाही असंच म्हटलं.

उलट बाजू : इथले कितीतरी अरब ख्रिस्ती आहेत. उदाहरणार्थ लेबनीज मॅरोनाइट शेजारी. 'अरब दहशतवादी' म्हणून त्यांना शिवी घातली तर १८सी सरळ लागू. मुस्लिम अरबालाही लागू, पण 'अरब' म्हणून.

म्हणून तक्रार लिहिताना आधी नेमके शब्द कागदावर उतरवा आणि बघा की ते कशावर बोट ठेवतात. "तुमच्या देशात परत जा" हे राष्ट्रीय मुळावर आहे. "तुमच्या धर्मात असंच असतं" हे धर्मावर. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतात आणि तिथे मार्ग निघतो. सिनेटर मेहरीन फारुकी विरुद्ध पॉलीन हॅन्सन हा निकाल त्यासाठी वाचण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२२ मधल्या ट्वीटमध्ये हॅन्सननी फारुकींना पाकिस्तानात परत जायला सांगितलं होतं. १ नोव्हेंबर २०२४ ला फेडरल कोर्टाच्या न्या. स्टुअर्ट यांनी ते १८सीचं उल्लंघन ठरवलं, ट्वीट काढायला आणि खर्च द्यायला सांगितलं. हॅन्सननी अपील केलं. त्या निकालात स्थलांतरित असणं, गोरं नसणं आणि मुस्लिम असणं या तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या म्हणून पाहिल्या आहेत.

निव्वळ धर्मावरून असेल तर राज्याचं दार. न्यू साउथ वेल्समध्ये १२ नोव्हेंबर २०२३ पासून धर्मावरून जाहीर द्वेष चेतवणं बेकायदा आहे. त्याआधीच्या घटनेला हा कायदा लागत नाही. व्हिक्टोरियात २००२ पासून आहे, क्वीन्सलँडमध्येही धर्म आहे. क्वीन्सलँडच्याच कायद्याखाली ऑस्ट्रेलियन मुस्लिम ॲडव्होकसी नेटवर्कनं माजी सिनेटर फ्रेझर ॲनिंग यांच्या ऑनलाइन मजकुराविरुद्ध तक्रार चालवून तो काढायचा आदेश मिळवला.

---

यारा_काठ

व्हिक्टोरियाबद्दल भर : तिथे २०२५ चा नवा कायदा आला असून त्यातली फौजदारी कलमं २० सप्टेंबर २०२५ पासून लागू आहेत. द्वेषाची चिथावणी कमाल ३ वर्षं, धमकी कमाल ५ वर्षं.

आधीच्या कायद्याखाली फौजदारी शिक्षा फार कमी झाल्या. गाजलेली एक बेंडिगोची. मशिदीला विरोध म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये तिघांनी पुतळ्याचा शिरच्छेद करण्याचं नाटक केलं आणि व्हिडिओ टाकला. सप्टेंबर २०१७ मध्ये दोषी ठरले, दंड प्रत्येकी २,००० डॉलर. मशीद मात्र रस्त्यावर लढली गेली नाही, ती नियोजन परवान्याच्या कागदांवर जिंकली गेली. विरोधक ट्रायब्युनल, सुप्रीम कोर्ट करत हाय कोर्टापर्यंत गेले आणि २०१६ मध्ये तिथेही दार बंद झालं.

---

टाचणखुणा

पुराव्याबद्दल लिहितो, कारण पहिल्या २४ तासांत जे केलं जातं त्यावर बाकी सगळं उभं राहतं.

*ऑनलाइन मजकूर.* नुसता कापलेला स्क्रीनशॉट देऊ नका. हवं ते असं : पूर्ण पान, वर पत्ता दिसतोय, खात्याचं नाव आणि खालचं खरं हँडल दोन्ही दिसताहेत, तारीख-वेळ दिसतेय. फेसबुक आणि एक्सवर "३ तासांपूर्वी" असं येतं, त्यावर टिचकी मारली की नेमकी वेळ उघडते, तो शॉट घ्या. पोस्टचा स्वतंत्र दुवा वहीत उतरवा. मूळ पोस्टबरोबर तिच्या वरची आणि खालची चर्चाही घ्या, कारण समोरचा "संदर्भ तोडला" असंच म्हणणार. फॉलोअर किती, शेअर किती हेही टिपा. श्रोते कोण होते हे राज्याच्या कायद्यात सिद्ध करावं लागतं. व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि कोणत्या मिनिटा-सेकंदाला काय म्हटलंय ते शब्दशः उतरवा. अरबीत असेल तर मूळ, लिप्यंतर आणि मान्यताप्राप्त अनुवादकाचं भाषांतर. नात्यातल्या कुणाचं भाषांतर टिकत नाही.

हे सगळं झाल्यावरच पोस्ट रिपोर्ट करा. लोक उलट करतात. आधी रिपोर्ट, प्लॅटफॉर्मनं ती काढली, आणि हातात काहीच उरलं नाही.

*प्रत्यक्ष प्रसंग.* ट्रेन, बस, मॉल, पेट्रोल पंप इथले कॅमेरे काही दिवसांतच पुसून पुन्हा वापरले जातात. त्याच दिवशी लेखी कळवा : तारीख, वेळ, डब्याचा किंवा बसचा क्रमांक, कोणत्या स्टेशनांच्या दरम्यान, आणि "हे चित्रण जपून ठेवावं" हे वाक्य. चित्रण तुम्हाला देणार नाहीत, पोलिसांना देतील, पण तोवर जपलं जाणं महत्त्वाचं. साक्षीदाराचं नाव-फोन तिथल्या तिथे घ्या. नंतर सापडत नाही.

*आवाज रेकॉर्ड करणं.* इथे पाय घसरतो. न्यू साउथ वेल्समध्ये खाजगी संभाषण समोरच्याच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं सर्वसाधारणपणे बेकायदा आहे, मग तुम्ही स्वतः त्या संभाषणात असलात तरी. व्हिक्टोरियात संभाषणात सहभागी असलेल्याला मुभा आहे. रस्त्यावर कुणी ओरडत असेल तर ते खाजगी संभाषण नव्हे, ते चित्रित करता येतं. मॅनेजरच्या केबिनमधलं मात्र फोन लपवून घेऊ नका. बाहेर आल्यावर लगेच आठवेल तसं लिहून स्वतःलाच ईमेल करा, त्यावर वेळ पडते.

*टिपण.* घटना कळल्याच्या दिवशीच अर्ध्या पानाचं निवेदन लिहा. ऐकलेले शब्द अवतरणात. विशेषणं नकोत. शिवी असेल तर शिवीच लिहा, फुल्या मारू नका. फुल्या मारल्या की कसोटी कशाला लावायची तेच कळत नाही.

---

शंकेखोर

एवढं सगळं करून मिळतं काय? मेलबर्नच्या 'कॅच द फायर' प्रकरणात काय झालं? मार्च २००२ चं चर्चमधलं इस्लामवरचं व्याख्यान, इस्लामिक काउन्सिल ऑफ व्हिक्टोरियाची तक्रार, २००४ ला ट्रायब्युनल म्हणालं उल्लंघन झालं, २००६ ला कोर्ट ऑफ अपीलनं ते फिरवलं, २००७ ला समेट. पाच वर्षं. आणि एका छोट्या सभागृहातलं भाषण जगभर पोचलं. रेडिओ निवेदक ॲलन जोन्स यांचं प्रकरणही तसंच. दुर्लक्ष केलेलं बरं नव्हे का?

---

यारा_काठ

@शंकेखोर, तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धा बरोबर.

'कॅच द फायर'मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं जी रेघ ओढली तीच आज उपयोगी पडते : श्रद्धेवर टीका वेगळी आणि ती श्रद्धा पाळणाऱ्या माणसांबद्दल द्वेष चेतवणं वेगळं. धर्मग्रंथाची कितीही कडवट चिकित्सा असो, ती तक्रारीचा विषय करू नये. तक्रार हरते, वर 'यांना टीका सोसत नाही' हा शिक्का बसतो. तिथे उत्तर लेखानं, व्याख्यानानं द्यावं.

जोन्स यांचं मात्र वेगळं आहे. एप्रिल २००५ च्या प्रसारणाबद्दल कीसर ट्रॅड यांची तक्रार, २००९ ला ट्रायब्युनलचा निकाल, रेडिओवरून माफी वाचली गेली ती डिसेंबर २०१२ मध्ये, अपिलं त्याच्या मागेपुढे. अतोनात वेळ गेला हे खरं. पण २००५ च्याच डिसेंबरात, ११ तारखेला, सिडनीतल्या क्रोनला समुद्रकिनारी सुमारे ५,००० लोक जमले आणि 'मध्यपूर्वेचा दिसतो' एवढ्यावरून माणसांना मारहाण झाली. आदल्या आठवड्यात त्यासाठीचे एसएमएस फिरत होते आणि रेडिओवर वाचलेही जात होते. प्रसारण नियामक ॲक्मानं २००७ मध्ये जोन्स यांच्या कार्यक्रमानं आचारसंहिता मोडल्याचं ठरवलं. दुर्लक्ष कशाकडे करायचं नाही, हे क्रोनलावरून ठरवता येतं : गर्दी, तारीख आणि जागा यांचा उल्लेख आला की तो दुर्लक्षाचा विषय राहिला नाही. थेट पोलीस.

---

नाझनीन_श्रीवर्धन

+१. आणि दुर्लक्षाची किंमत न्यूझीलंडमध्ये दिसली. तिथली इस्लामिक विमेन्स काउन्सिल वाढत्या द्वेषाबद्दल सरकारी खात्यांना आधीपासून सांगत होती. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. मारेकरी ऑस्ट्रेलियन.

म्हणून माझं मत : प्रत्येक प्रकरण लढवायचं नाही, पण *नोंद* प्रत्येकाची करायची. इस्लामोफोबिया रजिस्टर ऑस्ट्रेलिया २०१४ पासून आहे. तिथे नोंद करणं म्हणजे तक्रार करणं नव्हे, त्यावरून पोलीस घरी येत नाहीत. त्यांच्या नोंदींवरून जे अहवाल निघाले त्यांत एक गोष्ट सातत्यानं दिसते : लक्ष्य बहुतांशी बायका, त्यातही डोक्यावर कापड असलेल्या, आणि बऱ्याचदा मुलं बरोबर असताना. आकडे हातात असतील तर नगरपालिका, रेल्वे, पोलीस यांच्यासमोर बोलता येतं. २००४ च्या मानवाधिकार आयोगाच्या 'इस्मा' अहवालात लोकांनी तक्रार न करण्याची कारणं सांगितली होती : कायदा माहीत नाही, भीती वाटते, काही होणार नाही असं वाटतं. वीस वर्षांनी कारणं तीच आहेत.

---

शंकेखोर

नोंदीचा मुद्दा पटला. कोर्टाचा अजून नाही. सामान्य माणसावर समोरच्याचा खर्च पडला तर घर विकावं लागेल.

---

पॅरामाटाकर

खर्चाचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून बदललाय. केंद्राच्या भेदभावविरोधी कायद्यांखालच्या दाव्यात तक्रारदार हरला तरी सर्वसाधारणपणे समोरच्याचा खर्च त्याच्यावर पडत नाही. दावा खोडसाळ असेल किंवा त्याच्या गैरवाजवी वागण्यानं खर्च वाढला असेल तर पडतो. जिंकला तर त्याचा खर्च मिळतो. स्वतःचा वकील हा प्रश्न उरतोच, पण घर विकायची वेळ सहसा येत नाही.

मुदती एकत्र लिहून ठेवतो, कारण सगळ्यांत जास्त तक्रारी इथे मरतात :
एएचआरसी : घटनेपासून २४ महिन्यांत. त्यानंतर आलेली तक्रार अध्यक्ष बंद करू शकतात.
आयोगानं तक्रार बंद केल्यावर फेडरल कोर्टात जायला ६० दिवस.
अँटी-डिस्क्रिमिनेशन एनएसडब्ल्यू : १२ महिने. पुढे राज्याचं एनकॅट ट्रायब्युनल, भरपाईची कमाल १,००,००० डॉलर.
नोकरीवरून काढलं असेल तर फेअर वर्क कमिशन : २१ दिवस. हो, दिवस.

एकाच प्रकारासाठी केंद्र आणि राज्य दोन्हीकडे अर्ज टाकू नका. दुसरीकडे हाताळलं गेलंय म्हणून आयोग हात काढून घेऊ शकतो.

---

टाचणखुणा

तक्रारीचा मजकूर कसा असावा याचा सांगाडा. एएचआरसीसाठी दोन पानं पुरतात.

पहिला परिच्छेद : मी कोण, माझं वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ काय. "मी लेबनीज वंशाची ऑस्ट्रेलियन नागरिक आहे." हे वाक्य विसरलं तर तुम्ही 'बाधित व्यक्ती' कशा, हा प्रश्न उभा राहतो.
दुसरा : कुणी, कधी, कुठे, शब्दशः काय. प्रत्येक वक्तव्याला क्रमांक.
तिसरा : हे खाजगीत नव्हतं हे कशावरून.
चौथा : हे माझ्या मुळामुळेच केलं हे कशावरून. त्या माणसाची आधीची वक्तव्यं, बोलण्यातला 'तुम्ही लोक', झेंड्याचं चित्र, काय असेल ते.
पाचवा : माझ्या गटातल्या साधारण माणसावर याचा काय परिणाम होईल. न्यायालयांनी २००१ पासून स्पष्ट केलंय की परिणाम खोल आणि गंभीर हवा, किरकोळ टोचणी पुरत नाही. म्हणून 'वाईट वाटलं' एवढं लिहू नका. मुलांना त्या बसनं पाठवणं बंद केलं, शुक्रवारी मशिदीत जाताना वाट बदलली, असं ठोस लिहा.
सहावा : मला काय हवंय. मजकूर काढणं, लेखी माफी, ती कुठे आणि किती दिवस छापायची, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, रक्कम. बहुतेक तक्रारी तडजोडीच्या बैठकीत मिटतात, त्यामुळे या परिच्छेदावरच वाटाघाट होते. तो रिकामा ठेवला तर समोरच्याचा वकील तो भरतो.

समोरून आरडीएचं कलम १८डी पुढे येणार हे धरून चाला : कलाकृती, अभ्यास, जनहिताची चर्चा, निष्पक्ष वृत्तांत वा टिप्पणी, वाजवीपणे आणि सद्‌भावनेनं केलेली असेल तर सूट. ही सूट मोडते कुठे? तथ्यं चुकीची असली की. पत्रकार अँड्र्यू बोल्ट यांच्याविरुद्धच्या २०११ च्या निकालात विषय आदिवासी ऑस्ट्रेलियनांचा होता, पण सूट नाकारली गेली त्यात तथ्यांच्या चुकांचा मोठा वाटा होता. म्हणून समोरच्या लेखातली प्रत्येक खोटी तारीख, खोटा आकडा तपासून तक्रारीला जोडा.

आणखी एक. बातमीखालच्या वाचकांच्या प्रतिक्रियांनाही कायदा लागतो. पर्थच्या एका वृत्त संकेतस्थळानं अशा प्रतिक्रिया तपासून छापल्या म्हणून २०१२ मध्ये फेडरल कोर्टानं प्रकाशकाला जबाबदार धरलं, १२,००० डॉलर द्यायला लावले. तिथेही तक्रारदार आदिवासी आई होती, तत्त्व सगळ्यांना लागू.

---

दर्यावर्दी

आदेश मिळाला आणि समोरच्यानं तो पाळलाच नाही तर?

---

पॅरामाटाकर

मग तो न्यायालयाचा अवमान. ज्यूंविरुद्धचा मजकूर संकेतस्थळावरून काढायचा आदेश न पाळल्याबद्दल फ्रेडरिक टोबेन २००९ मध्ये तीन महिने तुरुंगात गेले. १८सी दिवाणी असलं तरी त्याची दोरी तिथपर्यंत जाते.

---

शुभांगी_अ

माध्यमं आणि ई-सेफ्टी यांबद्दल थोडक्यात.

रेडिओ-टीव्ही : आधी त्याच वाहिनीकडे लेखी तक्रार, प्रसारणापासून ३० दिवसांत, आचारसंहितेचं नाव घेऊन. त्यांना उत्तराला ६० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की ॲक्मा. थेट ॲक्माकडे गेलात तर परत पाठवतात. वृत्तपत्रासाठी प्रेस काउन्सिल, पण फक्त सदस्य प्रकाशनांसाठी.

ई-सेफ्टीकडे प्रौढांसाठीची योजना *एका विशिष्ट व्यक्तीला* लक्ष्य केलं असेल तरच चालते, आणि पट्टी उंच आहे : गंभीर इजा पोचवण्याचा हेतू आणि शिवाय धमकावणारं वा छळणारं. "सगळे अरब असे" हे त्यात बसत नाही. आधी प्लॅटफॉर्मकडे तक्रार करून त्याचा क्रमांक ठेवा. ई-सेफ्टीनं नोटीस काढली तर सहसा २४ तासांत काढावं लागतं. मुलांसाठीची पट्टी बरीच खाली आहे, शाळेतल्या प्रकारांत तीच वापरा.

प्रवक्त्यासाठी एकच सूचना : आरोप स्वतःच्या तोंडानं पुन्हा उच्चारू नका. "मुस्लिम अतिरेकी नाहीत" या मथळ्यातून वाचकाच्या डोक्यात 'मुस्लिम-अतिरेकी' हीच जोडी राहते. घडलं काय, कुणाला लागलं, आम्ही काय मागतोय, या क्रमानं तीन वाक्यं. पीडित बाईला कॅमेऱ्यासमोर उभं करायची घाई करू नका. तिचं नाव एकदा बाहेर गेलं की शिव्यांचा दुसरा लोंढा तिच्याच खात्यावर येतो. संस्थेच्या माणसानं बोलावं.

---

नाझनीन_श्रीवर्धन

पोलिसांकडे जाणाऱ्यांसाठी राहिलेलं : नोंद क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, आणि "हा द्वेषातून झालेला प्रकार म्हणून नोंदवा" हे स्पष्ट म्हणा. हा आग्रह यासाठी की न्यू साउथ वेल्सच्या शिक्षाविषयक कायद्यात गटाबद्दलचा द्वेष हा शिक्षा वाढवणारा घटक आहे. पहिल्या नोंदीत ते आलंच नाही तर पुढे तो फक्त 'किरकोळ हाणामारी'चा खटला होतो. इंग्रजी अवघड असेल तर १३१ ४५० वर दुभाषी मागा. मुलाला दुभाषी करू नका. त्याच्या आईला काय म्हटलं गेलं हे त्यानंच पोलिसांना सांगायचं, हे क्रूर आहे.

शेजारी बसलेल्यांसाठी : हल्लेखोराशी वाद घालू नका. त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा, तिच्याशी दुसरंच काहीतरी बोला. दुसऱ्यानं चित्रण करावं, आणि ते नेटवर न टाकता तिच्या हातात द्यावं.

---

दर्यावर्दी

नोकरीचा विषय २१ दिवसांवर संपवलात. अँटोनेट लट्टूफ प्रकरण सांगायला हवं होतं.

---

यारा_काठ

ते दार निवडण्याचं चांगलं उदाहरण आहे. लेबनीज कुळातल्या पत्रकार, डिसेंबर २०२३ मध्ये गाझाबद्दलच्या पोस्टनंतर एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं पाच दिवसांच्या कामावरून मधेच दूर केलं. जून २०२५ मध्ये फेडरल कोर्टानं ७०,००० डॉलर भरपाई दिली. पण जिंकल्या त्या फेअर वर्क ॲक्टखाली, *राजकीय मत* या कारणावर. अरब व्यक्तीवर अन्याय झाला म्हणजे वंशाचंच कलम लावायचं, असं नाही.

---

अनामिक_वाचक

आपल्या मंडळींचा यात संबंध काय, असं विचारलं तर राग येऊ नये. आपण ना अरब, ना बहुसंख्येनं मुस्लिम.

---

पॅरामाटाकर

राग नाही. ३१ ऑगस्ट २०२५ च्या 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' या इमिग्रेशनविरोधी मोर्चांच्या प्रचारपत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं. तेव्हा जे कलम १८सी आठवलं, ते टिकवलं कुणी? २०१४ मध्ये सरकार ते कमजोर करायला निघालं, ॲटर्नी जनरल सिनेटमध्ये म्हणाले की लोकांना पूर्वग्रहदूषित असण्याचा हक्क आहे. तेव्हा अरब, मुस्लिम, ज्यू, ग्रीक, चिनी, आदिवासी संघटना एकत्र उभ्या राहिल्या आणि ऑगस्टमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. मार्च २०१७ मध्ये दुसरा प्रयत्न सिनेटनं हाणून पाडला. एकमेकांशी इतर बाबतींत पटत नसलेल्या संघटना होत्या या.

कायदा दोन्हीकडून कापतो हेही समाजातल्या लोकांनी लक्षात ठेवावं. जुलै २०२५ मध्ये सिडनीतल्या बँक्सटाउनच्या एका मुस्लिम धर्मोपदेशकाची ज्यूंबद्दलची भाषणं त्याच १८सीखाली बेकायदा ठरली. निकालात इस्रायलवरची टीका आणि ज्यूंबद्दलचा द्वेष यांत फरक केलाय, तो भाग आपापल्या संस्थेच्या वक्त्यांना वाचायला द्यावा.

---

शुभांगी_अ

आणि आपल्या व्हॉट्सॲप गटांचं काय? मुस्लिमांबद्दलचे जे ढकलसंदेश मंडळांच्या गटांत फिरतात, ते 'खाजगी' म्हणून सुटतात का?

---

टाचणखुणा

चार मित्रांचा गट बहुधा सुटेल. मंडळाचा शेकडो सभासदांचा गट, ज्यात दुव्यावरून कुणीही येतं, तो 'खाजगीत नव्हे' या कसोटीत सहज सापडू शकतो. संदेश मी लिहिला नाही, फक्त पुढे ढकलला, हा बचाव भरवशाचा नाही. पाठवणं हेही कृत्यच. संदेशात हिंसेची भाषा असेल तर प्रश्न फौजदारी होतो.

गटचालकांसाठी किमान एवढं : प्रवेशाचा दुवा बंद, नवा सभासद मंजुरीनं, धर्म-वंशावरचे ढकलसंदेश काढले जातील हा नियम गटाच्या वर्णनात लिहिलेला, आणि काढताना कुणी, काय, केव्हा हे वेगळं टिपून ठेवणं. मंडळ नोंदणीकृत असेल तर हा नियम समितीच्या बैठकीत ठराव म्हणून घ्या. उद्या कुणी तक्रार केली तर आयोग पहिल्यांदा हेच विचारतो की कळल्यावर तुम्ही काय केलंत.

---

दर्यावर्दी

आमच्या समितीची बैठक रविवारी आहे. ठरावाचा मसुदा कुणी इथे टाकेल का?

---

टाचणखुणा

"मंडळाच्या कोणत्याही छापील, ऑनलाइन वा संदेश-माध्यमावर वंश, रंग, राष्ट्रीय वा वांशिक मूळ किंवा धर्म यांवरून कोणत्याही गटाची मानहानी करणारा वा हिंसेला चिथावणी देणारा मजकूर प्रसारित होणार नाही. असा मजकूर आढळल्यास गटचालक तो २४ तासांत काढतील, त्याची प्रत सचिवांकडे देतील आणि सभासदाला लेखी कळवतील. पुन्हा घडल्यास समिती सदस्यत्वाबाबत निर्णय घेईल."

सूचक-अनुमोदकाची नावं आणि तारीख इतिवृत्तात घाला. मंडळाच्या घटनेत (नियमावलीत) सदस्यत्व रद्द करण्याचं कलम नसेल तर शेवटचं वाक्य वगळा, नाहीतर ठरावच आव्हानात सापडेल.